वजा कुणाचा, घात कुणावर: पदावल्यांसोबत दोन महिने

शाळा सोडून चौदा वर्षं झाल्यावर मला परत गणिताची परीक्षा द्यावी लागली. एका कोर्सला प्रवेश हवा होता आणि त्यासाठीच्या पात्रता चाचणीत २५ पैकी किमान १८ मार्क लागतात, त्यात सूट नाही. ६ जानेवारीला मी पहिल्यांदा बसले आणि मला १३ मिळाले.

हे सगळं लिहून ठेवतेय कारण तेव्हा मला असं कुणाचं तरी वाचायचं होतं, ज्याने मोठेपणी हाच भाग परत शिकलाय आणि जो सांगेल की तो नक्की कुठल्या ओळीवर अडकला, किती दिवस अडकला आणि मग काय केलं. नियम पाच मिनिटांत वाचून होतात. मला नियम येत होते तरी उत्तरं चुकत होती, आणि ती का चुकतात हे कळायलाच तीन आठवडे गेले.

चाचणी ४० मिनिटांची, कॅल्क्युलेटर नाही, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. निकाल दहा दिवसांनी, म्हणजे १६ जानेवारीला आला. कुठले प्रश्न चुकले ते सांगत नाहीत, फक्त भागवार मार्क देतात. पहिला भाग अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर असा १५ मार्कांचा होता, त्यात ११ होते. दुसरा भाग पूर्णांक, घातांक (४² मधला वरचा छोटा आकडा) आणि पदावली (संख्या आणि क्रियांची चिन्हं मिळून झालेली मांडणी), १० मार्कांचा. त्यात २. तो आकडा मी बराच वेळ बघत बसले होते, घरात कुणाला दोन दिवस सांगितलंही नाही.

परत बसायचे नियम असे होते की पहिल्या परीक्षेनंतर ६० दिवस जायला हवेत, ज्या भागात कमी मार्क आहेत तेवढाच भाग देता येत नाही, पूर्ण परीक्षा परत द्यायची, फी परत पूर्ण भरायची आणि ओळखपत्र परत अपलोड करायचं. अर्जात पहिल्या वेळचा अर्ज क्रमांक मागतात आणि तो फक्त पहिल्या ईमेलमध्ये असतो, हॉलतिकिटावर नसतो, त्यामुळे तो ईमेल मला दीड तास शोधावा लागला. अशी कुठलीही परीक्षा देत असाल तर पहिल्याच दिवशी अर्ज क्रमांक कागदावर लिहून ठेवा. साठ दिवस मोजले तर ७ मार्च येत होता पण त्या दिवसाच्या जागा भरल्या होत्या, मला १४ मार्च मिळाला. म्हणजे हातात आठ आठवडे.

परीक्षेतलं एक गणित मला आठवत होतं, कारण त्यावर मी खूप वेळ घालवला होता. ५ − ३² × (−२) + (−४)² ÷ ८. मी −११ वर खूण केली होती, तो पर्याय होता म्हणून मला खात्रीच वाटली. घरी येऊन सावकाश केलं तेव्हा २५ आलं. ९ गुणिले उणे २ म्हणजे उणे १८, ते पाचातून वजा करायचे म्हणजे पाच अधिक अठरा, २३, आणि वर १६ भागिले ८ चे २. मी घाईत ५ − १८ + २ केलं होतं, एक वजा माझ्याकडून गळला होता. नंतर लक्षात आलं की पर्यायांमधले बाकीचे आकडेही असेच कुठल्या ना कुठल्या नेहमीच्या चुकीतून आलेले असतात. (−४)² चं कुणी −१६ धरलं तर २१ येतं, कुणी आधी ५ − ९ करून टाकलं तर १० येतं. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे ते बरोबर आहे, असं या भागात तरी अजिबात धरू नका.

१८ जानेवारीला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात, म्हणजे भरपूर गणितं सोडवणं. रोज रात्री एक तास, आठवड्यात ६० पदावल्या, शेवटी उत्तरं पडताळायची, चुकलेल्यावर लाल खूण करायची, बरोबर उत्तर शेजारी लिहायचं आणि पुढे जायचं. २३ चुकल्या. दुसऱ्या आठवड्यात परत ६०, त्यात २४ चुकल्या. दोन आठवडे, एक अख्खी वही, आणि आकडा जागचा हलला नाही तेव्हा मला खरंच वाटायला लागलं की हे आपल्या आवाक्यातलं नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक गोंधळ झाला. मी −३² चं उत्तर ९ लिहिलं होतं आणि उत्तरसूचीत −९ होतं, मला वाटलं उत्तरसूची चुकली असेल म्हणून मी कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट उघडून =-३^२ हे सूत्र टाकलं तर तिने ९ दाखवलं. मग तर मी उत्तरसूचीवरचा विश्वासच सोडला. तीन दिवस त्या समजुतीवर गणितं केली. शेवटी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तेच, तिथल्या पद्धतीने -३**२ असं लिहून बघितलं, तिथे उत्तर −९. मग शोधलं तेव्हा कळलं की काही स्प्रेडशीटमध्ये सुरुवातीचा वजा आकड्याला आधी चिकटवतात आणि घात नंतर करतात, ती त्यांची स्वतःची ठरवलेली पद्धत आहे, गणिताच्या लिखाणातला संकेत तसा नाही. त्याच स्प्रेडशीटमध्ये =०-३^२ टाकलं की −९ येतं, करून बघा. साध्या चार क्रियांच्या कॅल्क्युलेटरचंही असंच आहे, त्यावर २ + ३ × ४ अशी बटणं ओळीने दाबली तर बऱ्याचदा २० येतं, कारण तो प्रत्येक बटणाला तिथल्या तिथे हिशेब उरकत जातो, पुढे गुणाकार येणार आहे हे त्याला माहीतच नसतं. सायंटिफिकवर १४ येतं. पण सायंटिफिकवरही उत्तर −३ आलेलं असताना वर्गाचं बटण दाबलं तर ९ येतं, कारण तिथे आख्ख्या उत्तराचा वर्ग होतो. म्हणून मशीनवर पडताळायचं असेल तर ऋण संख्येला कंस घालूनच टाका, आणि मशीनचं उत्तर वेगळं आलं तर आधी आपण नक्की काय टाकलं ते वाचा.

१ फेब्रुवारीला माझी भाची घरी आली होती, ती सातवीत आहे. माझी वही उघडी होती, तिने उलटून बघितली आणि दोन गणितांवर बोट ठेवलं. एक होतं १० − ४², त्याचं मी −६ लिहिलं होतं, बरोबर. दुसरं होतं −४² + १०, त्याचं मी २६ लिहिलं होतं.

"मावशी, ही दोन्ही एकच नाहीत का?"

मी म्हटलं नाही गं, इथे वजा आधी आहे.

"आधी असू दे ना. वरच्यात तू ४ चा वर्ग आधी केलास आणि मग वजा केलंस. खालच्यात वजा आधीच चारला चिकटवून टाकलास. पण तो दोन कुणाच्या डोक्यावर बसलाय? दोन्हीकडे चारच्याच ना? वजाच्या डोक्यावर कुठे काय आहे?"

माझ्यासाठी सगळं गणित त्या प्रश्नात होतं. घात ज्याला शिवून बसलाय त्याचाच असतो. ४² मध्ये तो ४ ला शिवतो. (−४)² मध्ये तो कंसाला शिवतो, म्हणून कंसातलं सगळं, वजासकट, त्याच्या ताब्यात. −४² मध्ये तो चारलाच शिवतो, वजा बाहेर उभा राहतो, वर्ग झाल्यावर मग तो लागतो. आणि हा संकेत असाच का, याचंही उत्तर त्या दोन गणितांतच आहे. १० − ४² आणि −४² + १० यात फक्त पदांची जागा बदललीय, जागा बदलल्याने बेरीज बदलायला लागली तर काहीच लिहिता येणार नाही. वजा चारला आधी चिकटवला असता तर एकीकडे −६ आणि दुसरीकडे २६ अशी दोन उत्तरं झाली असती.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट सुचली जी आपल्या भाषेत आयती आहे आणि मी ती कधी वापरलीच नव्हती. आपल्याकडे या एकाच आडव्या रेघेला दोन शब्द आहेत. क्रिया असेल तर 'वजा', संख्येची निशाणी असेल तर 'उणे' किंवा 'ऋण'. शाळेत बाई 'उणे तीन' म्हणायच्या, आम्ही मुलं सगळ्याला सरसकट वजा किंवा मायनस म्हणायचो. आणि 'वजा तीनचा वर्ग' असं म्हटलं की त्याचे दोन्ही अर्थ निघतात, वजा (तीनचा वर्ग) आणि (वजा तीन)चा वर्ग, कानाला फरकच कळत नाही. मी मनात वाचतानाच चुकत होते. मग मी ठरवलं की प्रत्येक पदावली आधी मोठ्याने वाचायची आणि नीट शब्दांनी वाचायची. ५ − (−३) म्हणजे पाच वजा उणे तीन. (−३)² म्हणजे उणे तीनचा वर्ग. −३² म्हणजे तीनच्या वर्गाची विरुद्ध संख्या, म्हणजे ९ ची निशाणी उलटी करून −९. −(−३)² म्हणजे उणे तीनच्या वर्गाची विरुद्ध संख्या, म्हणजे −९. हे शेवटचं मला दोन वजा बघून कायम +९ वाटायचं. मोठ्याने वाचायला लागल्यावर थांबलं, कारण वाचताना 'वर्ग' हा शब्द मध्ये येतो आणि दोन वजांना एकमेकांशी भिडू देत नाही. बाहेर बसून हे करायला लाज वाटते, मी बसमध्ये ओठ हलवत वाचायचे.

दुसऱ्या दिवसापासून चुकांची वेगळी वही केली. जुने दोन आठवड्यांचे सगळे कागद काढले, ४७ चुका त्यातल्या, पुढच्या आठवड्यातल्या १३ त्यात घातल्या, अशा ६० झाल्या. प्रत्येक चूक परत सोडवली, पण उत्तर काय हे न बघता कुठल्या ओळीवर तुटलं ते शोधलं. हे फार कंटाळवाणं काम आहे आणि मला त्याला आठ दिवस लागले, ९ फेब्रुवारीला संपलं. पण ते झाल्यावर जे दिसलं त्याची मला बिलकुल कल्पना नव्हती. ६० पैकी २२ चुका या वजा आणि घाताच्या होत्या. १४ चुका ऋण संख्या वजा करताना. ११ चुका भागाकार गुणाकार एकत्र आले तेव्हा. ९ वेळा खालच्या ओळीत उतरवताना निशाणीच राहिली होती. आणि फक्त ४ वेळा पाढा चुकला होता. बेरजेआधी गुणाकार हा नियम मी एकदाही मोडला नव्हता, आणि रोज सराव मात्र त्याचाच करत होते, कारण पुस्तकातली निम्मी गणितं तशीच असतात. म्हणजे दोन आठवडे मी जे येत होतं त्याचीच घोकंपट्टी केली.

भागाकार-गुणाकाराच्या ११ चुकांमुळे मी क्रियांच्या क्रमासाठी शाळेत पाठ केलेलं 'कंचेभागुबेव' परत तपासलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हे मी इतकं पाठ केलंय की झोपेतही म्हणेन. पण त्यात दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे घाताला त्यात अक्षरच नाही, तो कंसानंतर आणि भागाकार गुणाकाराच्या आधी येतो हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. दुसरं, त्यातल्या क्रमावरून असं वाटतं की बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधीच करायची. १० − ४ + ३ बघा. बेरीज आधी केली तर १० − ७ म्हणजे ३ येईल, आणि बरोबर उत्तर ९ आहे. भागाकार आणि गुणाकार एका पायरीवर आहेत, बेरीज आणि वजाबाकी एका पायरीवर आहेत, आणि एका पायरीवरचं डावीकडून उजवीकडे करायचं. इंग्रजीतून शिकणारे काही जण बोडमास म्हणतात, त्यात भागाकार आधी, काही पेमडास म्हणतात, त्यात गुणाकार आधी, आणि तरी दोघांचंही उत्तर एकच यायला हवं. हे लक्षात आलं तेव्हा मला पटलं की ही अक्षरं फक्त आठवणीसाठी आहेत, त्यांच्यातल्या मागे-पुढेला तेवढा अर्थ नाही. माझी चूक उलटी व्हायची, −१२ ÷ ३ × २ मध्ये मला ३ × २ जवळ दिसायचं म्हणून मी ते आधी करून −२ लिहायचे. बरोबर −८.

घात गुणाकाराच्या आधी का, हे मी नुसतं पाठ केलं होतं, त्यामुळे दमले की विसरायचे. नंतर ते असं डोक्यात बसलं की ३४७ ही संख्या विस्तारून लिहिली तर ३ × १०² + ४ × १० + ७ अशी होते. एकही कंस लागत नाही. घात आधी, मग गुणाकार, मग बेरीज, हा क्रम असल्यामुळेच ते इतकं सुटसुटीत लिहिता येतं. गुणाकार आधी केला तर ३ × १० चा वर्ग म्हणजे ९०० होईल आणि ३४७ ऐवजी भलतीच संख्या येईल. आपण रोज जी संख्या लिहितो तिच्याच पोटात हा क्रम आहे हे मला फार आवडलं.

ऋण गुणिले ऋण धन का, हेही एकदा स्वतः उतरवून काढलं. (−३) × २ = −६, (−३) × १ = −३, (−३) × ० = ०. दर वेळी उत्तर तीनने वाढतंय. मग पुढची पायरी (−३) × (−१), तिथे परत तीनने वाढून ३ च यायला हवं, आणि (−३) × (−२) ला ६. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात हे नियम सांगितलेत, धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असे शब्द वापरून, आणि आपण मराठीत अजून तेच दोन शब्द वापरतो. मला ५ − (−३) तेव्हापासून असं दिसतं की हातात ५ आहेत आणि त्यातून तीनचं कर्ज काढून घेतलं, म्हणजे ८. आधीच्या १४ चुकांपैकी बहुतेक या एका चित्राने गेल्या.

मग सोडवायची पद्धत बदलली. एका ओळीत एकच क्रिया. मी आधी जागा आणि वेळ वाचवायला एका ओळीत तीन-तीन गोष्टी उरकायचे आणि नेमकी तिथेच निशाणी गळायची. ज्या तुकड्याची पाळी आहे त्याखाली पेन्सिलने रेघ, बाकीचं जसंच्या तसं खाली, ऋण संख्या कंसासकट खाली. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे आधी पदं पाडणं. कंसाबाहेरचे जे अधिक आणि वजा आहेत तिथे उभी रेघ मारायची, प्रत्येक पद वेगळं सोडवायचं आणि शेवटी जोडायचं. उदाहरण देते, कारण नुसतं वाचून हे कळत नाही.

−२³ + (−५)² − १८ ÷ (−३) × २

यात तीन पदं आहेत. पहिलं −२³, म्हणजे दोनच्या घनाची विरुद्ध संख्या, −८. दुसरं (−५)², २५. तिसरं वजासकट − १८ ÷ (−३) × २, इथे डावीकडून, १८ ÷ (−३) = −६, मग −६ × २ = −१२, आणि समोर वजा आहे म्हणून +१२.

−८ + २५ + १२ = २९

आधी हेच गणित मी केलं होतं तेव्हा (−३) × २ आधी करून २० आणलं होतं. पदं पाडली की डोळा एका वेळी एकाच छोट्या तुकड्यावर राहतो.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली म्हणून मुद्दाम सांगते. −२³ आणि (−२)³ दोन्हीचं उत्तर −८ येतं. विषम घात असेल तर कंस असला काय नसला काय, उत्तर तेच, त्यामुळे चूक लपून राहते. मधले चार दिवस मी जो सराव संच करत होते त्यात घनच जास्त होते, माझी सगळी बरोबर येत होती आणि मला वाटलं झालं, जमलं. मग सम घात आले, −२⁴ आणि (−२)⁴, −१६ आणि १६, आणि परत चुकायला लागलं. म्हणून सराव करताना सम घातच जास्त घ्या. शून्य घातही घ्या, (−५)⁰ हे १ आणि −५⁰ हे −१, याने माझा बराच पाया पक्का झाला. आणि (५ − ३)² आणि ५² − ३² शेजारी शेजारी लिहून दोन्ही सोडवून बघा, एक ४ येतं आणि एक १६, घात कंसाच्या आत वाटून देता येत नाही हे एकदा स्वतःच्या हाताने बघितलेलं बरं.

अक्षराच्या जागी ऋण संख्या ठेवायची असेल तिथे तर कंसाशिवाय हातच लावू नका. क्ष = −३ असताना क्ष² − २क्ष + १ ची किंमत काढायची होती. मी सरळ −३² − २ − ३ + १ असं लिहून −१३ आणलं होतं. आधी अक्षराच्या जागी रिकामा कंस काढायचा, ( )² − २( ) + १, आणि मग त्यात −३ भरायचं. ९ + ६ + १ = १६. रिकामे कंस काढायला दोन सेकंद लागतात.

गुणाकारांची मोठी माळ असेल तर मी आधी फक्त निशाणी ठरवायला लागले. (−२)⁴ × (−३)³ × (−१)⁷ मध्ये पहिला सम घात म्हणून धन, दुसरा ऋण, तिसरा ऋण, एकूण धन. मग निशाणी विसरून १६ × २७ × १, ४३२. दोन कामं एकदम केली की दोन्ही बिघडतात.

२४ फेब्रुवारीपासून वेळ लावून करायला सुरुवात केली. दहा प्रश्न, सोळा मिनिटं. पहिल्या दिवशी सहाच झाले, कारण एक ओळ एक क्रिया केलं की वेळ लागतो, आणि मी परत घाबरून जुन्या पद्धतीवर गेले, तर दहा झाले पण चार चुकले. मग ठरवलं की वेग वाढवायचाच नाही, ओळी पूर्ण लिहायच्या. आठ-दहा दिवसांत हात आपोआप चालायला लागला. एक गणित मी खूण करून ठेवलं होतं, −[४ − (२ − ५)³] ÷ (−१)⁵. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याला मला ११ मिनिटं लागली होती आणि तरी चुकलं होतं. आतल्या कंसातून बाहेर यायचं, २ − ५ म्हणजे −३, त्याचा घन −२७, ४ वजा उणे २७ म्हणजे ३१, बाहेरच्या वजामुळे −३१, आणि त्याला −१ ने भागलं की ३१. ८ मार्चला परत केलं, दोन मिनिटांच्या आत झालं. त्या दिवशी पहिल्यांदा मला परीक्षेची भीती वाटली नाही.

एक सावधगिरी. इंटरनेटवर ८ ÷ २(२ + २) सारखी गणितं फिरतात, २०१९ मध्ये तर त्यावर जगभर वाद झाला होता, १६ की १. मीही त्यात एक संध्याकाळ घालवली. तिथे भांडण गणिताचं नाही, लिखाणाचं आहे, कंसाला चिकटून लिहिलेला गुणाकार आधी धरायचा की नाही याबद्दल दोन पद्धती आहेत आणि नीट लिहिणारा माणूस तिथे आणखी एक कंस घालतो किंवा अपूर्णांकासारखी रेघ देतो. परीक्षेची तयारी करताना त्यात अडकू नका.

१३ मार्चला फक्त चुकांची वही वाचली, नवीन काही सोडवलं नाही.

१४ मार्चला केंद्रावर वेळेच्या ३० मिनिटं आधी हजर राहायचं होतं. ओळखपत्र मूळ लागतं, मोबाईलमधला फोटो चालत नाही, माझ्यापुढच्या एका मुलाला त्यावरून बाजूला थांबवलं होतं, शेवटी त्याच्या घरून कुणीतरी आणून दिलं. कच्च्या कामाला दोन कागद देतात, त्यावर नंबर असतो, जाताना परत घेतात, तिसरा कागद मागितला तर आधीचे जमा करावे लागतात. म्हणून मी कागद मध्ये दुमडून दोन रकाने केले, एक ओळ एक क्रिया लिहायला ते बरं पडतं. आधी दुसरा भाग घेतला, क्रम आपल्याला हवा तसा घेता येतो. तिसऱ्याच प्रश्नाला हात थोडा थरथरला, −(−२)⁴ होतं त्यात, मी ओठ हलवत वाचलं, उणे दोनच्या चौथ्या घाताची विरुद्ध संख्या, −१६, आणि पुढे गेले. दहा प्रश्नांना १९ मिनिटं लागली, ठरवल्यापेक्षा तीन जास्त, त्यामुळे पहिल्या भागातले शेवटचे दोन मी अंदाजाने केले.

निकाल नऊ दिवसांनी, २३ मार्चला आला. एकूण २०. पहिला भाग १२, दुसरा ८. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि निकालाच्या पानावरून ३० दिवसांत डाउनलोड करावं लागतं, नंतर अर्ज करून मागवावं लागतं, ते मी त्याच संध्याकाळी उतरवून घेतलं. फेरतपासणीला सात दिवस असतात, मी अर्ज केला नाही.

दुसऱ्या भागातले ते दोन प्रश्न कुठले चुकले असतील ते मी भाचीबरोबर बसून आठवायचा प्रयत्न केला. एक सापडला असं वाटतंय. ३ − ६² ÷ (−३)² × २ असं काहीतरी होतं, आणि मी ९ × २ आधी करून ३६ ÷ १८ केलं असावं, म्हणजे १ लिहिलं. डावीकडून करायचं होतं, ३६ ÷ ९ = ४, मग ८, आणि ३ − ८ म्हणजे −५. भाची म्हणाली, "मावशी, हे लिही वहीत." लिहिलं.